पहिली वीस मिनिटे कोणाची? शालेय मुलांच्या दुखापती आणि प्रथमोपचार यांविषयी एक संवाद

दुखापत झाल्यापासून वैद्यकीय उपचार सुरू होईपर्यंतच्या काळात, जवळ असलेल्या माणसाने हाताशी असलेल्या साधनांनी केलेली मदत म्हणजे प्रथमोपचार, अशी या विषयाची रूढ व्याख्या आहे. जीव वाचवणे, दुखापत वाढू न देणे आणि पुढील उपचार सुकर करणे ही त्याची तीन उद्दिष्टे सांगितली जातात. या व्याख्येबद्दल फारसे मतभेद नाहीत. मतभेद आहेत ते हा 'जवळ असलेला माणूस' शाळेतील शिक्षक असेल तर त्याने कोठवर जावे आणि कोठे थांबावे, याबद्दल.

नांदेड शहरालगत गोदावरीच्या काठी वसलेल्या विष्णुपुरीत हा प्रश्न काहीसा चमत्कारिक रूपात समोर येतो. 1981 साली स्थापन झालेली श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था, 1994 मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि 1988 पासूनचे, आता याच परिसरात असलेले डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, एवढ्या संस्था एका गावाच्या शिवारात एकवटल्या आहेत. आसपासच्या शाळेत खो-खो खेळताना एखादे मूल पडले, तर रिक्षाने काही मिनिटांत ते अपघात विभागात पोहोचू शकते. याच जिल्ह्यातील किनवट-माहूरकडच्या तांड्यावरील मुलासाठी मात्र हा 'मोठा दवाखाना' शंभर किलोमीटरांहून अधिक दूर असतो. शिक्षकाने आधी काही करावे की आधी गाडी शोधावी, या प्रश्नाचे उत्तर केवळ अंतरावर ठरते असे वरवर वाटते. हा समज कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी येथे दोन पक्ष समोरासमोर आणले आहेत: एक, विष्णुपुरी परिसरातील जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक, आणि दुसऱ्या, समुदाय वैद्यक (एका रुग्णाऐवजी संपूर्ण वस्तीच्या आरोग्याचा विचार करणारी वैद्यकशाखा) शिकवणाऱ्या एक डॉक्टर. दोन्ही व्यक्ती कल्पित आहेत; त्यांची मते मात्र शिक्षकांच्या खोलीत आणि बाह्यरुग्ण विभागाच्या ओळीत नेहमी ऐकू येणारी आहेत.

मुख्याध्यापकांचा पक्ष असा की, दवाखाना हाकेच्या अंतरावर असताना शिक्षकाने उपचाराच्या भानगडीत पडू नये. शिक्षकाने पट्टी बांधली आणि पुढे काही बिघडले, तर दवाखान्यात काय झाले हे कोणी विचारत नाही, 'गुरुजींनी काय केलं' एवढेच विचारले जाते, आणि तक्रार सरपंचांपासून गटशिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जाते. याउलट पालकांना फोन करून मूल त्यांच्या स्वाधीन केले, तर शाळेवर निदान ठपका येत नाही. "मॅडम, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती हे सगळं शिक्षकांच्याच गळ्यात आहे," ते म्हणतात. "आता मलमपट्टीही त्यांनीच करायची का? आणि केली, तर कोणत्या अधिकारात?"

डॉक्टरांनी या आक्षेपातील कायद्याचा भाग आधी हाती घेतला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 30 मध्ये (जुन्या भारतीय दंड संहितेत हेच कलम 92 होते) असे तत्त्व आहे की, एखाद्याच्या हितासाठी सद्भावनेने केलेली कृती, त्याची किंवा त्याच्या पालकाची संमती वेळेवर मिळणे शक्य नसताना केली असेल, तर तिच्यातून झालेल्या अपायामुळे ती आपोआप गुन्हा ठरत नाही. सद्भावना म्हणजे नुसता चांगला हेतू नव्हे, तर योग्य ती काळजी घेऊन केलेली कृती, असा कायद्याचा अर्थ असल्यामुळे हे संरक्षण अडाणी धाडसाला मिळत नाही. ते मिळण्यासाठी थोडे तरी शिकलेले असावे लागते. मुख्याध्यापकांनी हे मान्य केले, मात्र गावात कलम नव्हे तर संताप आधी पोहोचतो, एवढी पुस्ती जोडली, आणि ती खोडून काढणे कठीण आहे.

मुख्याध्यापकांच्या तक्रारीचा एक भाग डॉक्टरांनी उलट आणखी पक्का करून दिला. 1948 च्या कारखाने अधिनियमाने दर दीडशे कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळणारी, प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र असलेली व्यक्ती सक्तीची केली होती. पाचशेहून अधिक कामगार असतील तर स्वतंत्र उपचार खोलीही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत मात्र वर्गखोल्या, शिक्षकसंख्या, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण, ग्रंथालय आणि खेळाचे साहित्य यांची नोंद असून प्रथमोपचाराचा उल्लेख नाही. यंत्रावर काम करणाऱ्या प्रौढ माणसासाठी जी सोय कायद्याने आवश्यक मानली, ती मैदानावर दिवसभर पळणाऱ्या, तोल जाणाऱ्या, स्वतःची वेदना नीट सांगता न येणाऱ्या मुलासाठी शाळेच्या मर्जीवर सोडली, ही विसंगती शिक्षकांनी निर्माण केलेली नाही. भोगावी मात्र त्यांनाच लागते.

यानंतर संवाद खऱ्या मुद्द्यावर आला. दवाखाना जवळ असला की शाळेचे काम संपते का? डॉक्टरांनी शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातील उदाहरण घेतले. खिचडीचे पातेले उतरवताना एखाद्या मुलाच्या हातावर गरम खिचडी सांडली, तर भाजण्याची क्रिया खिचडी पुसून टाकल्यावर थांबत नाही. त्वचेच्या खालच्या थरांत शिरलेली उष्णता पुढेही ऊतींचे, म्हणजे पेशींच्या थरांचे, नुकसान करीत राहते. ती बाहेर काढण्याचा साधा उपाय म्हणजे भाजलेला भाग वाहत्या, साध्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरणे. नळ नसेल तर तांब्याने एकसारखे पाणी ओतत राहावे. बर्फ लावू नये, कारण अतिथंडीने त्या भागाचा रक्तपुरवठा आकसतो आणि जखम खोलवर जाते. सूज येण्यापूर्वी बांगड्या, कडे, हातातील दोरा काढावा, फोड फोडू नयेत, आणि पाण्याचे काम झाल्यावर स्वच्छ ओलसर कापडाने सैल झाकून मग निघावे. टूथपेस्ट, शाई, तूप, हळद यांपैकी काहीही लावले, तर वेदना क्षणभर निवल्यासारखी वाटते, पण उष्णता आत कोंडली जाते आणि दवाखान्यात तो लेप खरवडून काढताना मूल दुसऱ्यांदा सोसते.

"सर, शाळा आमच्या फाटकाला लागून असली, तरी ही वीस मिनिटं तुमचीच आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "मूल धावतपळत आमच्याकडे आणलं, केसपेपर काढला, ओळ लागली, तोवर पाण्याचा बराचसा उपयोग संपलेला असतो."

कुत्रा चावण्याबाबतही हेच लागू पडते, आणि तेथे चूक जिवावर बेतणारी असते. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतून जखमेत शिरणाऱ्या रेबीजच्या विषाणूभोवती मेदाचे आवरण असते, आणि साबण नेमके तेच आवरण मोडतो. म्हणून जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुणे हा कोणत्याही लशीच्या आधीचा आणि कोठेही करता येण्याजोगा उपचार आहे. खेड्यापाड्यांत अशा जखमेवर तिखट, चुना किंवा तंबाखू भरण्याची जुनी सवय आहे. त्याने विषाणू मरत नाही, जखम मात्र चिघळते. धुतल्यानंतर दवाखाना अटळ आहे, कारण लशीचे सर्व डोस ठरलेल्या दिवशी पूर्ण करावे लागतात, आणि चावा खोल असेल तर तयार प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला थेट निकामी करणारी प्रथिने, जखमेतच टोचावी लागतात. 6 जुलै 1885 रोजी लुई पाश्चरने ज्याच्यावर ही लस पहिल्यांदा वापरली तो नऊ वर्षांचा मुलगा होता. शाळकरी वयाची मुले कुत्र्याच्या वाट्याला अधिक जातात, हे त्या काळापासून बदललेले नाही.

दाताचे उदाहरण लहान असले तरी बोलके आहे. कबड्डीत कोपर लागून मुलाचा पुढचा कायमचा दात मुळासकट निघाला, तर तो फेकून द्यावयाचा नसतो. मुळाभोवतीच्या तंतूंतील पेशी कोरड्या पडल्या की अर्ध्या-पाऊण तासात मरू लागतात. म्हणून दात वरच्या पांढऱ्या भागाने धरावा, मूळ घासू नये, माती लागली असेल तर क्षणभर पाण्याने विसळावा आणि थंड दुधात ठेवून मुलासह दंतवैद्याकडे न्यावा. दुधाचा दात मात्र परत बसवण्याचा प्रयत्न करू नये, कारण खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताला त्याने इजा होते. शाळेजवळच्या चहाच्या टपरीवरचे न तापवलेले दूध या कामी पुरते, हे ऐकून मुख्याध्यापकांनी प्रथमच वहीत काही लिहून घेतले.

वाहत्या रक्ताबाबत मतभेद उरलेच नाहीत. जखमेवर स्वच्छ घडी ठेवून दहा मिनिटे सलग दाबून धरावे आणि थांबले का हे पाहण्यासाठी मध्येच उचलू नये. घोळणा फुटला असेल तर मुलाला बसवून मान पुढे झुकवावी, तोंडाने श्वास घेऊ द्यावा आणि नाकाचा मऊ भाग तेवढाच वेळ चिमटीत धरावा. मान मागे टाकून डोक्यावर पाणी ओतण्याच्या सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीने रक्त बाहेर दिसेनासे होते, कारण ते घशातून पोटात जाते.

येथवर डॉक्टरांचा पक्ष वरचढ ठरत होता. मुख्याध्यापकांनी कोपराच्या दुखापतीचा प्रश्न काढला आणि पारडे फिरले. त्यांचा आक्षेप असा होता की, 'काहीतरी करा' हा उपदेश एकदा शिक्षकांच्या मनात शिरला, की काय करायचे हे ते आपल्या लहानपणी पाहिलेल्यावरूनच ठरवतील, आणि मराठवाड्यातील खेड्यात हाताच्या दुखापतीवर लहानपणी पाहिलेला उपाय म्हणजे गरम तेलाने चोळणे, 'नस बसवणे' आणि हाडवैद्याकडे नेऊन कामट्यांनी करकचून बांधणे. हे मुलाच्या हिताचे आहे असेच करणाऱ्याला वाटत असते.

डॉक्टरांनी हा आक्षेप पूर्णपणे स्वीकारला, इतकेच नव्हे तर त्याचे कारण विस्ताराने मांडले. मुलांची हाडे प्रौढांच्या हाडांची लहान आवृत्ती नसतात. ती लवचीक असल्यामुळे कित्येकदा ओल्या काटकीप्रमाणे एका बाजूने तडकून दुसऱ्या बाजूने वाकतात, पूर्ण मोडत नाहीत. अशा वेळी मूल हात थोडाफार हलवते आणि मोठी माणसे 'मुका मार आहे' म्हणून सोडून देतात. शिवाय लांब हाडांच्या टोकांशी वाढीची चकती नावाचा कूर्चेचा थर असतो, ज्यातून हाड लांबीने वाढते. तो दुखावला आणि वेळेवर लक्षात आला नाही, तर पुढील वर्षांत हात आखूड किंवा वाकडा होत जातो. पाच ते सात वर्षांच्या आसपासची मुले झाडावरून, भिंतीवरून किंवा घसरगुंडीवरून पसरलेल्या हातावर पडतात तेव्हा दंडाचे हाड कोपराच्या किंचित वर मोडण्याचा प्रकार विशेष आढळतो. कोपराच्या पुढून हाताची मुख्य रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणारी वाहिनी, जाते. मोडलेल्या हाडाचे टोक तिला टोचू शकते, आणि भोवतालची सूज तिला दाबू शकते. अशा हातावर घट्ट पट्टी बसली की आतील स्नायूंना रक्त मिळेनासे होते, काही तासांतच ते मरू लागतात, आणि पुढे त्यांची जागा आकसलेल्या तंतूंनी घेतली की मनगट आत वळते, बोटे पंजासारखी वाकून कायमची तशीच राहतात. रिशार्ड फॉन फोल्कमान या जर्मन शल्यविशारदाने 1881 मध्ये या विकृतीचे वर्णन करताना घट्ट बांधलेल्या पट्ट्यांकडेच बोट दाखवले होते, आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. लेखणी धरण्याचा हात असा गेला, तर मूळ हाड उत्तम जुळून आले तरी उपयोग नाही.

तेव्हा अशा हातासाठी शिक्षकाने करण्याजोगे फार थोडे असते. हात ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत ओढणीच्या किंवा त्रिकोणी पट्टीच्या झोळीत आधाराला ठेवावा, सरळ करण्याचा प्रयत्न करू नये, चोळू नये, आणि बोटांकडे लक्ष ठेवावे: ती थंड, पांढुरकी किंवा निळसर पडली, मुंग्या येऊ लागल्या, किंवा बोटे सरळ करताना मूल किंचाळू लागले, तर ही मिनिटे मोजण्याची वेळ आहे आणि हातावर काहीही बांधलेले असेल तर ते लगेच सैल करावे. आणखी एक गोष्ट शिक्षकांच्या सहसा लक्षात येत नाही. रडणाऱ्या मुलाला शांत करण्यासाठी दिलेला चहा-बिस्किटांचा खाऊ नंतर भूल देताना अडचणीचा ठरतो, कारण भुलेखाली पोटातील अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकते. म्हणून मोडलेल्या हाताच्या मुलाला तोंडावाटे काहीही देऊ नये. प्रेमाने दिलेल्या त्या दोन बिस्किटांमुळे शस्त्रक्रिया काही तास लांबते.

"म्हणजे आमचं 'हात लावू नका' हे इथे बरोबर," मुख्याध्यापक म्हणाले. डॉक्टरांनी ते कबूल केले, पण हात न लावणे आणि वाट पाहणे यांत फरक करावा लागेल असे सुचवले, आणि त्यासाठी सर्पदंशाचा विषय काढला.

20 नोव्हेंबर 2019 रोजी केरळच्या वायनाड जिल्ह्यात एका सरकारी शाळेच्या वर्गातच पाचवीच्या मुलीला साप चावला आणि त्याच दिवशी ती दगावली. तिला तातडीने रुग्णालयात नेण्याऐवजी पालकांची वाट पाहण्यात वेळ गेला असा आरोप झाला, आणि शिक्षकावर निलंबनाची कारवाई झाली. सुरक्षित वाटणारा जो मार्ग मुख्याध्यापकांनी सुरुवातीला मांडला होता, म्हणजे पालकांना फोन करून मूल त्यांच्या स्वाधीन करणे, त्याचीच ही दुसरी बाजू आहे. सर्पदंशात शाळेने करण्यासारखा उपचार जवळजवळ नसतो, आणि तरीही वेळ कोणत्याही दुखापतीपेक्षा महाग असतो. नाग व मण्यार यांच्या विषाने स्नायू शिथिल होत जाऊन श्वास थांबतो, घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, आणि या चारही सापांवर एकच बहुगुणी प्रतिविष, म्हणजे विषाचा प्रतिकार करणारे इंजेक्शन, दवाखान्यात मिळते. आवळून दोरी बांधणे, ब्लेडने चिरणे, तोंडाने चोखणे यांपैकी प्रत्येक गोष्ट अपायकारक आहे. 'पान लागलं' म्हणून मांत्रिकाकडे किंवा देवळात नेणे म्हणजे मधला वेळ घालवणे. पैंजण, कडे, बूट काढावेत, मुलाला धीर द्यावा, चावलेला अवयव हलू न देता आडवे न्यावे, आणि किती वाजता चावला ते सांगावे. साप मारून सोबत आणण्याची गरज नसते, त्या नादात दुसऱ्याला चावा बसतो. गाडी मिळत नसेल तर मोटारसायकलवर चालवणारा पुढे, मूल मध्ये आणि धरणारा मागे असे नेणेही मान्य आहे. पालकांना फोन करावा, पण गाडीत बसून.

विंचवाबद्दल मुख्याध्यापकांचा समज वेगळा होता: पोराला विंचू चावला की दोन तास रडते आणि बरे होते. बहुतेकदा हे खरे असते, पण मराठवाडा आणि कोकणात आढळणाऱ्या लाल विंचवाचे विष मुलांच्या हृदयावर परिणाम करते. दरदरून घाम, थंड पडलेले हातपाय आणि वारंवार उलटी ही त्याची सूचना असते. या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाब कमी करणारे औषध उपयोगी पडते हे 1980 च्या दशकात महाड येथे दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावसकर मूळचे जालना जिल्ह्यातील, म्हणजे मराठवाड्याचेच. 1986 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे यावरील काम प्रसिद्ध झाले. एकेकाळी ज्या दंशात डॉक्टरही हताश होत, त्यात वेळेवर आलेले मूल आज बहुधा वाचते. अट वेळेवर येण्याचीच आहे.

या टप्प्यावर मूळ वाद नकळत बदलला होता. अंतर किती, यावर शिक्षकाने काय करावे हे ठरत नाही. भाजणे, कुत्र्याचा चावा, वाहते रक्त, निखळलेला दात, घशात अडकलेला घास यांत पहिली मिनिटे शाळेचीच असतात, मग दवाखाना रस्त्यापलीकडे असो वा किनवटहून विष्णुपुरीइतका दूर. कोपर आणि साप यांत शाळेने आपला उत्साह आवरून फक्त हलवायचे असते, आणि हेही अंतरावर अवलंबून नाही. घशात काही अडकून मुलाचा आवाज बंद झाला असेल, तर पुढे वाकवून दोन खांद्यांमध्ये तळहाताने पाच जोरकस थापा, आणि त्यांनी भागले नाही तर पाठीमागून पोटावर पाच दाब, असे आलटूनपालटून करावे लागते. तेथे कोणत्याही दवाखान्याचे अंतर जास्तच ठरते.

डोक्याचा मार मात्र या विभागणीत नीट बसत नाही. टेंगूळ आलेले बहुतेक मूल तासाभरात पुन्हा खेळू लागते, आणि प्रत्येक टेंगळासाठी दवाखाना गाठायचा तर अपघात विभाग शाळांनीच भरून जाईल. काही क्षण शुद्ध हरपणे, पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी सुस्ती, झटका, कानानाकातून पाण्यासारखा स्राव, असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसले तर थांबायचे नाही, एवढे ठरलेले आहे. पण सुस्ती ओळखायची कशी? येथे डॉक्टरांनी जे मांडले ते मुख्याध्यापकांनाही अनपेक्षित होते. अपघात विभागातील डॉक्टर त्या मुलाला पहिल्यांदाच पाहत असतो. ते एरवी किती बडबडे आहे, पाढे किती वेगाने म्हणते, हे त्याला माहीत नसते. रोज सकाळी परिपाठात त्याला पाहणाऱ्या शिक्षकाला ते 'आज वेगळं वागतंय' हे एका नजरेत कळते. म्हणून पडण्याची वेळ, कशावर आपटले, शुद्ध गेली होती का, आणि त्यानंतर वागण्यात काय बदलले, हे चार ओळींत लिहिलेले कागदाचे चिठोरे मुलासोबत पाठवावे, आणि घरी सोडले तरी पुढचा दिवस-रात्र लक्ष ठेवण्यास पालकांना बजावावे. शाळा सुटल्यावर मूल झोपी गेले की पालकांना ते दमलेले वाटते, हा या दुखापतीतील सर्वात फसवा भाग आहे.

पेटीचा विषय निघाला तेव्हा मुख्याध्यापकांनी प्रांजळपणे सांगितले की, पेटी आहे, पण ती कार्यालयाच्या कपाटात असते, कपाटाला कुलूप असते, आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते शिक्षक कधी प्रशिक्षणाला गेलेले असतात. तिच्यात 'लाल औषधा'ची वाळलेली बाटली, मुदत संपलेल्या गोळ्यांची पट्टी आणि पिवळा पडलेला कापूस असतो. डॉक्टरांनी यातले फारसे काही ठेवू दिले नाही. कापसाचे तंतू जखमेत चिकटतात. गोळ्या शिक्षकाने देऊ नयेत, आणि ॲस्पिरिन तर मुलांना मुळीच नाही, कारण विषाणूजन्य तापात त्याने क्वचित यकृत व मेंदू यांना गंभीर इजा होते. त्याऐवजी निर्जंतुक गॉज, रुंद बँडेज, चिकटपट्टी, कात्री, हातमोजे, साबणाची वडी, दोन त्रिकोणी पट्ट्या आणि जाड वर्तमानपत्रांचा गठ्ठा (गुंडाळून मोडलेल्या हाताखाली आधाराला) पुरेसे आहे. पेटी कुलपाबाहेर, स्वयंपाकघर आणि मैदान या दोहोंपासून जवळ असावी.

प्रशिक्षणाबद्दल मात्र दोघांचे एकमत झाले नाही. आयुष्मान भारत योजनेखालील शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना 'आरोग्य व कल्याण दूत' म्हणून तयार करण्याची कल्पना आहे, तर 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळेत वर्षातून एकदा मुलांची तपासणी करण्यासाठी येतात. डॉक्टरांच्या मते याच पथकांच्या भेटीच्या दिवशी तासभर प्रत्यक्ष सराव घेता येईल, आणि आठवीच्या मुलामुलींनाही त्यात बसवावे, कारण मैदानावर पडलेल्या मुलापाशी शिक्षकाआधी त्याचे सोबतीच पोहोचतात. मुख्याध्यापकांना भीती अशी की, अर्धवट शिकलेली तेरा वर्षांची मुले एकमेकांचे हात ओढून सरळ करतील. त्यांनी पर्याय सुचवला तो अधिक साधा आहे: परिपाठात रोज एक 'करू नका' शिकवावे, म्हणजे भाजल्यावर टूथपेस्ट नाही, फिट आल्यावर तोंडात चमचा नाही, कांदा-चप्पल हुंगवणे नाही, बुडालेल्याला उलटे लटकवून फिरवणे नाही. गोदावरीचे आणि विष्णुपुरी धरणाचे पाणी शाळेपासून फार दूर नसल्याने शेवटचा मुद्दा मुलांना खास सांगावा लागतो; बाहेर काढलेल्या, श्वास थांबलेल्या मुलाला आधी तोंडाने श्वास द्यावे लागतात आणि मग छातीच्या मध्यावर, छातीच्या जाडीच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतके खोल दाब. त्याची सवय पुतळ्यावर हात टेकल्याशिवाय लागत नाही, हे डॉक्टरांचे म्हणणे मुख्याध्यापकांनी ऐकून घेतले, मान्य केले नाही.

शेवटी मुख्याध्यापकांनी विचारलेल्या प्रश्नाला डॉक्टरांकडे उत्तर नव्हते. 2014 पासून महाराष्ट्रात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका मिळते, ती आली असे धरले तरी मुलासोबत शिक्षकाने जायला हवे, कारण काय झाले ते सांगणारा आणि मुलाचा हात धरणारा माणूस दुसरा नसतो. पण पहिली ते चौथीच्या द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक गेला आणि दुसरा रजेवर असला, तर मागे उरलेल्या चार वर्गांचे काय? डॉक्टरांनी शाळा व्यवस्थापन समितीतील शेजारी राहणाऱ्या दोन मातांची नावे आणि फोन क्रमांक पेटीच्या झाकणावर आतून चिकटवण्याचे सुचवले, आणि पोषण आहाराच्या मदतनीस बाईंचे नाव त्यांत सर्वात वर घालावे असे सांगितले, कारण शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत त्या आवारात हमखास असतात. मुख्याध्यापकांनी त्यांचे मानधन किती आहे ते सांगितले आणि या जबाबदारीसाठी त्यात काही वाढ होणार का, असे विचारले.